चार नंबरवर

मोतीबागच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा अंशुमनला डाव्या हाताच्या बसस्टॉपवर बाबा उभे दिसले. सकाळचे साडेदहा झाले होते, मे महिन्याचं ऊन होतं, आणि बाबांनी डोक्यावर ओला रुमाल टाकला होता. हातात एक खाकी पाकीट, ते त्यांनी छातीशी धरलं होतं. तासाभरापूर्वी तो घरून निघाला तेव्हा ते गॅलरीत बनियनवर पेपर वाचत बसले होते. कुठे जायचंय असं काही म्हणाले नव्हते. आता अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि पायात बंद बूट. बस येते का बघायला ते सावलीतून दोन पावलं पुढे आले, मान लांब करून त्यांनी पाहिलं, परत मागे गेले. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी काहीतरी विचारलं. तिने कानातून वायर काढून रस्त्यापलीकडे बोट दाखवलं, आणि बाबांनी पहिल्यांदाच दिल्लीत आलेल्या माणसासारखी मान हलवली. एकावन्न वर्षं ते या शहरात राहत होते आणि त्यातली चाळीस वर्षं स्वतः गाडी चालवत होते. बसचे नंबर त्यांना ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. अंशुमनचा हात काचेच्या बटणावर गेला. काच खाली करून नुसतं 'बाबा' म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं, इतके ते जवळ होते. तेवढ्यात बाबांनी मान वळवून सरळ या गाडीकडे पाहिलं. ऊन काचेवर होतं, त्यांना आतलं काही दिसलं नसावं. पण अंशुमनने मान खाली घातली. मांडीवर फोन नव्हता, काहीच नव्हतं, तरी तो मांडीकडे बघत राहिला. मग मागचे हॉर्न वाजायला लागले, सिग्नल हिरवा झाला होता, आणि तो निघून गेला.

दिवसभर ती खाली घातलेली मान त्याच्या अंगात राहिली. कॅनॉट प्लेसला मीटिंग होती, तिथे तो बोलला, हसला, स्क्रीनवरच्या आलेखावर बोट ठेवून त्याने कुणाला तरी काहीतरी पटवून दिलं, आणि मधेच त्याला मानेच्या मागे, शर्टाच्या कॉलरपाशी, एक जड गोष्ट जाणवायची. आपण चव्वेचाळीस वर्षांचे आहोत आणि आपल्या बापापासून लपलो. कारणही त्याला माहीत होतं. बाबांना हाक मारली असती तर त्यांना या गाडीत बसवावं लागलं असतं. जानेवारीनंतर ते या गाडीत बसले नव्हते. बसले असते तर त्यांनी सवयीने समोरच्या काट्यांकडे बघितलं असतं, इंजिनाकडे कान दिला असता, आणि काही बोलले नसते.

इंजिनाकडे कान देणं ही बाबांची जुनी सवय. विश्वनाथराव पाण्याच्या खात्यात इंजिनियर होते, धरणांच्या दरवाजांवरचे आणि नळांतले दाब मोजण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. रविवारी सकाळी ते आर. के. पुरमच्या क्वार्टरखाली आपल्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडत, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवत आणि मुठीला कान लावत. लहानग्या अंशुमनलाही लावायला लावत. "काय येतंय ऐकू?" "टकटक." "किती ठिकाणी?" त्याला एकाच ठिकाणी यायची, बाबांना चार ठिकाणी वेगवेगळी यायची. ते रागावत नसत. "बरं," एवढंच म्हणत आणि पान्हा हातात घेत. त्या 'बरं'ची अंशुमनला फार भीती वाटायची. त्यात शिव्या नव्हत्या, नाराजी नव्हती, आणि कौतुकही नव्हतं. मार्क चांगले पडले तरी 'बरं' आणि गुडगावला मोठी नोकरी लागली तरी 'बरं'. पंधरा वर्षं झाल्यावर सरकारी नियमाने बाबांची नंतरची गाडी भंगारात गेली, त्याच वर्षी अंशुमनने ही टर्बोवाली गाडी घेतली. बाबांना त्याने पहिली फेरी मारून आणली तेव्हा ते म्हणाले, "मशीन व्यवस्थित आहे."

मायापुरीच्या हरीशकडे तो गेला त्यामागे हे होतं, असं त्याला आता वाटायचं. तेव्हा असलं काही वाटलं नव्हतं. तेव्हा ऑफिसातला एक मित्र घेऊन गेला होता आणि नुसती गंमत होती. हरीश हा शांत, बारीक माणूस होता, गाड्यांचा दाब वाढवून द्यायचं काम करायचा. त्याने काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी डबी दाखवली. "सर, ये डिब्बा गाड़ी से झूठ बोलता है. बस इतना ही काम है इसका." टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. किती दाबली ते एक सेन्सर गाडीच्या मेंदूला कळवतो. ही डबी त्या दोघांच्या मधे बसते आणि खरा आकडा आहे त्यापेक्षा कमी करून पुढे पाठवते. मेंदूला वाटतं दाब कमी पडतोय, तो आणखी मागतो. कंपनीचा दाब नऊ दशांश बार. फोनवरून चार पायऱ्या बदलता यायच्या. एक नंबर म्हणजे जशी होती तशी, दोनवर एक पूर्णांक एक, आणि चारवर जवळजवळ एक पूर्णांक पस्तीस. हरीशने फोन त्याच्या हातात देताना बजावलं होतं, "चार नंबर सिर्फ़ महँगे वाले पेट्रोल पर. सादे पर कभी नहीं. और टॉप गियर में नीचे से मत खींचना, पिस्टन टूट जाएगा. समझ गए ना?" अंशुमन समजला होता. वर्षभर तो हे सगळं नीट सांभाळत आला. रोजचं ऑफिस दोनवर, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे, टाकीत ते शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरून, एक्सप्रेसवेवर चार. काटा वर चढायचा, बॉनेटखालून शिटी निघायची, पाठ सीटमध्ये रुतायची, आणि पाच-सात सेकंद त्याला कुणाच्याही 'बरं'ची गरज उरायची नाही. घरी त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको, कृतिका, सरकारी नोकरीत, सरळ स्वभावाची. ती म्हणाली असती, विमा, वॉरंटी, कायदा. आणि बाबा काय म्हणाले असते ते त्याला ठाऊक होतं.

दरवर्षी चौदा जानेवारीला बाबा पानिपतला, लढाईच्या स्मारकाशी, काला अंबला जात. दिल्लीतली मराठी माणसं जातात, महाराष्ट्रातून गाड्या भरून येतात, तसे तेही जात, तीस वर्षं न चुकता. या वर्षी ते अंशुमनची गाडी घेऊन जाणार होते, आणि त्यांच्याबरोबर लक्ष्मीबाई नगरचे अण्णासाहेब होते, खात्यातले त्यांचे जुने वरिष्ठ, त्र्याऐंशी वर्षांचे. आदल्या संध्याकाळी अंशुमन खाली पार्किंगमध्ये गेला. गाडी दोनवर होती. ती एकवर आणून ठेवावी म्हणून तो गेला होता, हे खरं. फोन हातात घेऊन तो सीटवर बसला आणि त्याच्या मनात आलं की उद्या हायवे रिकामा असेल, टाकीत अजून चांगलं पेट्रोल आहे, बाबा एखादा ट्रक मागे टाकतील आणि त्यांना ते जाणवेल. ते परत येतील आणि म्हणतील, काय रे, गाडी काय ओढते! मग तो त्यांना सगळं सांगेल, दाब, सेन्सर, डबी. दाब म्हणजे तर बाबांचा विषय. दोघं बॉनेट उघडून उभे राहतील. हे सगळं त्याने दोन-तीन मिनिटांत मनात रंगवलं, आणि चार नंबर दाबला. बाबा दुसऱ्याच्या गाडीतलं पेट्रोल कधी वापरत नाहीत, सकाळी निघताना ते पंपावर थांबून टाकी सादं पेट्रोल घालून भरून घेतील, हे त्याला सुचलं नाही. की पेट्रोल वाचवायला ते चाळीसच्या वेगातही पाचवा गियर टाकतात, हेही सुचलं नाही. ही दोन्ही त्याला जन्मापासून माहीत असलेली माणसाची लक्षणं होती.

फोन सव्वादहाला आला. तो ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये होता. "अंशू, आम्ही मुरथलच्या पुढे आलोय. धुकं आहे जरा. गाडी ओढताना आतून खडखड येतेय रे. डब्यात वाळू हलवावी तशी. थांबू का?" अंशुमनला एका क्षणात सगळं समजलं. वाळू नव्हती, वाढलेल्या दाबाने इंजिन आतून ठोकत होतं. त्याला नुसतं म्हणायचं होतं, बाबा, बाजूला घ्या, बॉनेट उघडा, उजव्या हाताला काळी डबी आहे ती काढून टाका. तेही नको, खालच्या गियरमध्ये सावकाश चालवा एवढंही पुरलं असतं. पण का, असं बाबांनी विचारलं असतं. ते नेहमी विचारतात. आणि शेजारी अण्णासाहेब होते. "काही नाही बाबा, थंडीनं होतं तसं. चालवा तुम्ही." "नक्की ना?" "बिल्कुल." "बरं. तू म्हणतोस तर." पाऊण तासाने पुन्हा फोन आला. गाडी समालख्याच्या अलीकडे बंद पडली होती, मागून निळा धूर, खाली तेल. बाबांचा आवाज स्थिर होता. फक्त ते दोनदा म्हणाले, "अण्णासाहेबांना थंडी वाजतेय."

तो पोचला तेव्हा दीड वाजला होता आणि धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. अण्णासाहेब ढाब्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसले होते, त्यांचे ओठ काळसर दिसत होते. बाबा गाडीजवळ उभे होते. त्यांनी बॉनेट उघडलं नव्हतं. "तू येईपर्यंत हात नको लावायला म्हटलं, तुझी गाडी." अंशुमनने त्यांना सांगितलं, तुम्ही चहा घ्या, मी बघतो, आणि ते वळताच त्याने बॉनेट उघडून आधी ती डबी काढली. बोटांना तेल लागलं. त्याने ती कोटाच्या खिशात टाकली आणि मग बाबांना हाक मारली. बाबा आले, इंजिनावर वाकले, त्यांनी वास घेतला. "कसं झालं असेल रे?" अंशुमन काही बोलला नसता तरी चाललं असतं. एवढं गप्प राहणंही पुरेसं होतं. पण खिशातली डबी मांडीला टोचत होती आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "टेम्परेचरचा दिवा लागला असणार बाबा. तुमच्या लक्षात आलं नसेल." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "दिवा? लागला होता?" "लागतोच." "मी बघत होतो रे काट्यांकडे." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "बघत होतो असं मला वाटतंय."

गाडी दीड महिना गॅरेजमध्ये होती. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन फुटला होता. बाबांनी दोनदा विचारलं, मी चुकून खूप वेळ पाचव्यातच ठेवली असेन का, आणि दोन्ही वेळा अंशुमन म्हणाला, "सोडा ना बाबा, यार, मशीन आहे." गाडी घरी आली त्या दिवशी बाबांनी आपल्याकडची दुसरी किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली. मार्चमध्ये लायसन्स संपत होतं. कृतिका म्हणाली ऑनलाइन फॉर्म भरून देते, तर ते म्हणाले, "नको. झालं आता." मराठी मंडळातले लोक फोनवर म्हणायचे, विश्वनाथराव, या वयात कशाला ते ड्रायव्हिंग, आणि बाबा हसून हो म्हणायचे. अंशुमन हे सगळं बघत होता. तो मनाशी म्हणायचा की या आठवड्यात सांगू, आणि दर आठवड्याला सांगायची गोष्ट मोठी होत जायची. पहिल्या दिवशी ती एक डबी होती. मग एक खोटं झालं, मग त्या खोट्यावरचे इतके दिवस.

बसस्टॉपवर बाबा दिसले त्या संध्याकाळी तो लवकर घरी आला. बाबा पलंगावर बसले होते आणि नऊ वर्षांची स्वानंदी त्यांच्यासमोर वहीचं पान घेऊन उभी होती. "चलो आजोबा, टाइम झाला. पाच वस्तू सांगा." बाबांनी डोळे मिटले. "चमचा. छत्री. लिंबू. घड्याळ." ते थांबले. स्वानंदीने पान पाठीमागे लपवलं. "पाचवी?" बाबांच्या कपाळावर शीर उभी राहिली. अंशुमन दारात बूट हातात घेऊन उभा होता. "कुलूप," बाबा म्हणाले. "बिल्कुल करेक्ट!" स्वानंदी ओरडली आणि बापाला बघून म्हणाली, "बाबा, आजोबा रोज खेळतात हे. आधी त्यांना चारच यायच्या." बाबा हसले. "वेळ जातो तिचा," असं म्हणाले आणि उठून आत गेले.

स्वयंपाकघरात आईला त्याने विचारलं, बाबा सकाळी कुठे गेले होते. आईने पोळी तव्यावर टाकली. "मला शपथ घातलीये त्यांनी." "आई." तिने गॅस बारीक केला. "डोक्याच्या डॉक्टरकडे जातात. तीनदा झालं. गाडीतला तो दिवा त्यांना दिसला नाही ना, तेव्हापासून डोक्यात बसलंय त्यांच्या. त्यांचे काका गेले ना तसे, शेवटी स्वतःचं घर ओळखेनासे झाले होते. म्हणतात, वृंदा, दिवा समोर लागलेला आणि मला दिसला नाही, आणि अंशू म्हणाला काही नाही, तरी नसलेला आवाज ऐकू आला. म्हणजे सुरुवात झाली." "आणि डॉक्टर काय म्हणतात?" "ते म्हणतात काही नाही. पण यांना पटत नाही. म्हणतात, डॉक्टरला दिव्याचं ठाऊक नाही." ती पोळी उलटायची विसरली होती, ती करपली. कपाटात, बाबांच्या शर्टांखाली, ते खाकी पाकीट होतं. अंशुमनने ते उघडलं. आत डॉक्टरांच्या चाचणीच्या एका कागदावर पेन्सिलीने काढलेलं घड्याळ होतं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. वर्तुळ हाताने काढलेलं तरी गोल, आणि बाराच्या बारा आकड्यांमध्ये मिनिटांच्या चार-चार बारीक रेघा, ज्या कुणी काढायला सांगितल्या नसणार. खाली शंभरातून सात-सात वजा करत आणलेले आकडे, ९३, ८६, ७९, अगदी दोनपर्यंत. तिथे आणखी सात जात नव्हते म्हणून ते थांबले होते. अंशुमन तो कागद हातात धरून पलंगाच्या कडेला बसला. चार महिने त्याने रोज स्वतःची लाज वाटून घेतली होती, तिच्यासोबत झोपला होता, उठला होता, तिच्यापोटी स्वतःला थोडा चांगला माणूसही समजत आला होता. आणि त्याच घरात, भिंतीपलीकडे, एक माणूस स्वतःचं डोकं हळूहळू विझतंय असं समजून रोज पाच वस्तू पाठ करत होता. तिकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्याने सांगितलं. बाबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. तो म्हणाला, बाबा, जानेवारीत गाडी माझ्यामुळे गेली, मी तिच्यात एक डबी बसवली होती, तुमची काही चूक नव्हती. वाक्यं त्याने रात्रीच जुळवली होती, ती त्याने एका दमात म्हणून टाकली. बाबांनी झारी खाली ठेवली. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आईनं सांगितलं वाटतं तुला डॉक्टरचं." "हो, पण..." "असू दे. मला कळतं रे. बापाला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोयस." त्यांचे डोळे ओले झाले होते. "चांगला मुलगा आहेस तू अंशू. मी कधी म्हटलं नाही." अंशुमनला म्हणायचं होतं, नाही, ऐका. पण तो हात पाठीवर होता, बोटांचं ओलं पाणी शर्टातून लागत होतं, आणि ज्या वाक्यासाठी तो त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये बसला होता ते वाक्य आत्ता बोललं गेलं होतं. त्याने ते घेतलं. नंतर ते आठवलं की त्याला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटायची, डबीची नाही, फोनची नाही, दिव्याची नाही. चार दिवस तो चांगला मुलगा होऊन घरात वावरला. बाबा जेवताना आंब्याच्या फोडी त्याच्या ताटात सरकवत. संध्याकाळी त्याच्यासोबत मार्केटपर्यंत चालत येत आणि खात्यातल्या जुन्या गोष्टी सांगत, ज्या त्यांनी आजवर कधी सांगितल्या नव्हत्या. एकदा दोघांनी उभ्याने उसाचा रस घेतला. अंशुमनला ते दिवस आवडले, हेही खरं होतं.

पाचव्या दिवशी बाबा साताऱ्याच्या आत्याशी फोनवर बोलत होते आणि तो शेजारच्या खोलीत कपडे बदलत होता. "मुलं आजकाल विचारत नाहीत म्हणतात," बाबा सांगत होते, "पण आमच्या अंशूनं बघ काय केलं. खोटं खोटं सगळं स्वतःवर घेतलं. डबी काय, दाब काय, इतकं रचून सांगितलं बिचाऱ्यानं..." अंशुमनने शर्टाचं बटण लावता लावता सोडून दिलं. त्याने बॅगेतून डबी काढली, फोन काढला, आणि बाबांचं बोलणं संपेपर्यंत त्यांच्या खोलीच्या दारात थांबला. मग आत जाऊन दोन्ही त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. डबी प्रत्येक फेरीची नोंद ठेवत असे. त्याने चौदा जानेवारी उघडली. "मी रचलं नव्हतं बाबा. हे बघा."

बाबांनी चष्मा लावला. आधी ते नुसतं त्याचं मन राखायला बघत होते. मग त्यांचा चेहरा बदलला. "हा दाब कुठल्या बाजूचा? टर्बोच्या आधीचा की नंतरचा?" "नंतरचा." "बारमध्ये?" "हो." "आणि हा खालचा वेग?" त्यांनी बोटाने रेघ पकडली आणि पुढे नेली. "एवढ्या कमी वेगाला एवढा दाब?" "चार नंबरवर ठेवली होती मी. आदल्या दिवशी. ती साध्या पेट्रोलवर चालवायची नसते." बाबांचं बोट थांबलं. "दहा वाजून तेरा मिनिटं. इथे खडखड झाली." "हो." "म्हणजे होती. मी ऐकली ती होती." "होती बाबा." "आणि दिवा?" "दिवा लागलाच नव्हता. असल्या बिघाडात तो लागतच नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं." बाबा खुर्चीत मागे टेकले आणि हसले. मोठ्याने, घसा मोकळा करून, कितीतरी दिवसांनी. "वृंदा! अगं वृंदा, इकडे ये! दिवा लागलाच नव्हता!" आई कणकेचे हात घेऊन धावत आली. "अगं, मी बघत होतो ना, मी तेव्हाच म्हटलं ना, मी बघत होतो! लागलाच नाही तर दिसेल कसा? काही झालेलं नाही मला!" ते उठून उभे राहिले, त्यांनी तिचे कणकेचे हात धरले, आणि त्यांच्या शर्टाच्या बाहीला पीठ लागलं. आई रडत होती. मग तिने नवऱ्याच्या खांद्यावरून मुलाकडे पाहिलं. तिला बाबांच्या आधी कळलं.

बाबा हळूहळू खाली बसले. फोनचा पडदा विझला होता. त्यांनी चष्मा काढून घडी केली आणि टेबलावर ठेवला. "मी मुरथलहून फोन केला, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" अंशुमनला वाटलं ते आईला आणि त्याला, दोघांना विचारताहेत. त्याने आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडेच बघत होती. मग त्याला समजलं की 'तुम्ही' तो एकटाच होता. उभ्या आयुष्यात बाबा त्याला अरे-तुरेशिवाय बोलले नव्हते. "हो," तो म्हणाला. "आणि डॉक्टरांचं तुम्हाला रविवारीच ठाऊक होतं, त्यानंतर पाच दिवस गेले." "हो." बाबांनी मान हलवली, ऑफिसातल्या कुणाचा तरी खुलासा ऐकावा तशी. 'बरं' ते म्हणाले नाहीत. "अण्णासाहेब त्या थंडीत अडीच तास बसले होते. त्यांना जाऊन सांगा. तुम्ही स्वतः. मी येणार नाही."

शनिवारी तो लक्ष्मीबाई नगरला गेला. अण्णासाहेब मुलाच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत. घरातले सगळे बाहेर गेले होते, दार त्यांनीच उघडलं. गेल्या दोन महिन्यांत त्यांचे कान पार गेले होते. फोन ते आता घेतच नसत. "विश्वनाथ नाही आला?" त्यांनी खूप मोठ्याने विचारलं. "नाही. मला सांगायचंय काहीतरी." "काय?" अंशुमनने बाहेर जिन्याकडे पाहिलं. समोरचं दार उघडं होतं, आत कुणीतरी भाजी निवडत बसलं होतं. "जानेवारीत गाडी बंद पडली ती माझ्यामुळे, अण्णासाहेब!" "कशामुळे?" "मी टर्बोचा दाब वाढवला होता!" "कुणाचा दाब? विश्वनाथचा?" समोरच्या बाई दारात आल्या. "सब ठीक है?" त्यांनी विचारलं. अंशुमनने त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि अण्णासाहेबांच्या कानाशी तोंड नेलं. सेन्सर, डबी, बार, यातला एकही शब्द तिथे पोचणार नव्हता. "मी खोटं बोललो! बाबांशी! गाडी मी बिघडवली आणि त्यांच्यावर ढकललं!"

हे पोचलं. अण्णासाहेबांनी दाराची चौकट धरली. "पण मी..." ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मी सगळ्यांना सांगितलं रे. मंडळात सांगितलं. विश्वनाथचं आता वय झालं, त्याच्या गाडीत बसू नका म्हणून. मीच त्याला म्हटलं, किल्ल्या ठेवून दे. तो हो म्हणाला. माझ्याशी भांडलाही नाही." ते तसेच उभे होते, बनियन आणि पायजम्यात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते अंशुमनने आरशात रोज पाहिलं होतं. स्वतःपाशी ठेवली आहे असं त्याला वाटत होतं ती गोष्ट केव्हाच इथवर येऊन पोचली होती, आणि या म्हाताऱ्या माणसाने त्यात काहीही केलेलं नव्हतं. त्याने अण्णासाहेबांना धरून आतल्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. समोरच्या बाई अजून दारात उभ्या होत्या. तो दार लावायला वळला.

"राहू दे उघडं," अण्णासाहेब म्हणाले. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि हाताचा पंजा कानामागे धरला. "मला नीट नाही कळलं. मंडळात जाऊन मला सांगावं लागेल ना आता. पुन्हा सांग. पहिल्यापासून."

अंशुमन त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, आणि त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, मोठ्याने.